व्यत्यय

टेम्पोवाल्याचं काही चुकलं नव्हतं, हे दमयंतीबाईंनी नंतर स्वतःशी कितीदा तरी कबूल केलं. भिस्तबागेच्या रस्त्याला, फरशीच्या दुकानाशेजारच्या बोळातून तो टेम्पो मागे घेत होता. मागे घेताना जी एक कर्कश धून वाजते ती चौकभर ऐकू जाईल अशी वाजत होती, आणि वर हा खिडकीतून हात काढून दारावर थापा मारत होता. त्यांची नात मनवा बोळाच्या तोंडाशी उकिडवी बसली होती. सोड्याच्या बाटलीचं एक चपटं झालेलं बूच तिला मातीत दिसलं होतं आणि ते ती नखानं उकरून काढत होती. दमयंतीबाई चार पावलं मागे होत्या. हातात कोथिंबिरीची जुडी, आणि चेहऱ्यावर ते ठेवणीतलं समाधान, जे कुठलंही मूल कशात तरी गढलेलं दिसलं की आपोआप यायचं. टेम्पो त्यांना दिसत होता. धूनही ऐकू येत होती. उठेल आता, असं त्यांच्या मनात येऊनही गेलं. तेवढ्यात पानाच्या टपरीवरच्या एका माणसानं झेप घेतली आणि पोरीला बखोटीला धरून उचललं.

टेम्पोवाला खाली उतरला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता आणि त्यामुळे आवाज चढला होता.

"आजी, बहिरी हाय का काय पोरगी? मघाधरनं बोंबलतोय मी!"

"बहिरी नाही हो," दमयंतीबाई म्हणाल्या. "मग्न होती ती."

"काय हुती?"

"मग्न. कामात होती."

टेम्पोवाल्यानं टपरीवरच्या माणसाकडं पाहिलं. "मग्न म्हने. रस्त्यात." मग कपाळाचा घाम पुसून तो जरा खालच्या पट्टीत बोलला, "न्या घरी तुमच्या मग्नबाईला. लई मोठं झालं असतं आत्ता."

बहिरी हाय का काय, हे नगरात दिवसभरात कोण कुणाला म्हणत नाही? कंडक्टर म्हणतो, भाजीवाली म्हणते, बायका नवऱ्याला म्हणतात आणि नवरे ते ऐकू न आल्यासारखं करतात. शामकांत हयात असताना दमयंतीबाई स्वतः त्यांना दिवसातून दोनदा तरी म्हणायच्या. ते बोलणं कुणी अंगाला लावून घेत नाही, गुडघ्यावरची धूळ झटकावी तसं झटकून लोक पुढे जातात. दमयंतीबाईही पुढे गेल्या. मनवाचं बोट धरून, कोथिंबीर सांभाळून, घराच्या कोपऱ्यापर्यंत आल्या. आणि तिथे, काही कारण नसताना, त्यांनी बोट सोडलं, पोरीला दोन पावलं पुढे जाऊ दिलं आणि हाक मारली, "मनवा." मग जरा मोठ्यानं, "मनवा!" मनवा चालत राहिली. तिच्या मुठीत ते बूच होतं. घासातला खडा दाताखाली यावा तसं काहीतरी तेव्हा दमयंतीबाईंच्या आत कचकन वाजलं, आणि हाकेला एवढी धार लावून आपण या पोरीला कधी बोलावलंच नव्हतं हेही त्याच क्षणी त्यांच्या ध्यानात आलं.

कारण दमयंतीबाईंनी सगळं आयुष्य मुलांना हाक न मारण्यात घालवलं होतं. हे ऐकायला विचित्र वाटेल, पण त्यांची विद्याच ती होती. दिल्ली दरवाज्याच्या आत, एका दुमजली घराच्या खालच्या दोन खोल्यांत त्यांचं बालमंदिर होतं, आणि तिथे मुलांवर ओरडणं तर सोडाच, काम करणाऱ्या मुलाच्या पाठीवरून कौतुकाचा हात फिरवायलाही मनाई होती. पुण्याला ज्या द्वारकाताईंच्या हाताखाली त्या विशीत शिकल्या, त्या द्वारकाताई भावनगरकडच्या बालमंदिरातून शिकून आलेल्यांच्या शिष्या. आणि ती मंडळी रोमच्या गरीब वस्तीत चाळीतल्या पोरांसाठी घर उघडून बसलेल्या त्या इटालियन डॉक्टरीणबाईंची पुस्तकं डोळ्यांत तेल घालून वाचलेली. अशी ही विद्या हातोहात, घरातल्या विरजणासारखी, नगरापर्यंत आली होती. त्याच्याही आधी जर्मनीत एक एकटा माणूस होऊन गेला, ज्यानं मुलांच्या शाळेला शाळा न म्हणता बाग म्हटलं. द्वारकाताई हे सांगताना थांबायच्या आणि वर्गातल्या मुलींच्या चेहऱ्याकडं बघायच्या. "बागेत माळी काय करतो? रोप ओढून लांब करतो का?" मुली हसायच्या. "मग तुम्हीही ओढू नका. मूल कामात बुडालं की तुम्ही नाहीसं व्हा. शाबास म्हणू नका, चूक दाखवू नका, हाक मारू नका. ते मूल जणू तिथे नाहीच, असं वागा." दमयंतीबाईंनी हे वाक्य तेव्हा वहीत उतरवून त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. विशीतल्या मुलीला एखादं वाक्य सापडतं आणि मग ती जन्मभर त्या वाक्याच्या घरी नांदते, तसं ते झालं.

त्या वाक्यासाठी त्या भांडल्याही पुष्कळ. आडत्यांशी, डॉक्टरांशी, एका नगरसेवकाशी सुद्धा. "बाई, पोरगं नुसतं तांब्यातलं पाणी पेल्यात ओततंय, एबीसीडी कवा?" असं विचारणाऱ्या बापांना त्यांनी तेच पाणी ओतायला बसवलं होतं, आणि बापांनी फरशीभर सांडल्यावर फडकं हातात दिलं होतं. शेवटी बाप जिंकले. पिवळ्या बसगाड्या आल्या, टाय आले, तीन वर्षांच्या पोरांच्या मुलाखती आल्या, आणि त्या दोन खोल्यांत आता मोबाईलची कव्हरं मिळतात. दमयंतीबाईंनी कडवटपणा केला नाही. लाकडी साधनं तेवढी घरी आणून पलंगाखाली सरकवली आणि सुनेच्या दिवसांचा हिशेब बोटांवर करत बसल्या. मनवा झाली तेव्हा त्यांना जे वाटलं ते त्या कुणाला बोलल्या नाहीत, कारण ते आजीला न शोभणारं होतं. त्यांना वाटलं, आता एकच मूल, पण अगदी नियमानं.

आणि मूलही असं मिळालं, की पुस्तकातून उचलून आणावं! सव्वा वर्षाची मनवा डब्यांची झाकणं लावत बसायची ती बसायचीच. बाहेर फटाके वाजोत, मिक्सर घरघरो, शेजारच्या बंगल्याला ड्रिल मशीन लागो, या बाईची मान वर होत नसे. भेटायला आलेल्या जुन्या शिक्षिकांना दमयंतीबाई तोंडावर बोट ठेवून दारातूनच दाखवायच्या. "बघा. एकाग्रता बघा." त्या शिक्षिकाही कौतुकानं कुजबुजायच्या, पायाचा आवाज न करता मागे सरकायच्या. सगळ्या जाणत्या बायका, मुलांत केस पांढरे केलेल्या, आणि त्या सगळ्या त्या पोरीसमोर चवड्यांवर चालत होत्या. आज कोथिंबीर निवडता निवडता दमयंतीबाईंना ते दृश्य आठवलं आणि त्यांच्या हातातली काडी मोडली.

पंकजानं विचारलं नव्हतं असं नाही. पंकजा, सून, पाथर्डीकडची, शेतकऱ्याघरची, शिकून बँकेत लागलेली. सुहासनं तिला पसंत केली तेव्हा नातेवाइकांनी नाकं मुरडली होती. दमयंतीबाईंनी मुरडली नव्हती, आणि ही गोष्ट सुनेच्या चांगली लक्षात होती. मनवा दीड वर्षाची असताना एका रविवारी पंकजा म्हणाली होती, "आई, हाक मारली तर बघत नाही हो ही."

"कामात आहे ती. तू कामात असताना कुणी हाक मारली तर?"

"मी बघते, आई. बँकेत दिवसभर तेवढंच करते मी."

"म्हणून तर संध्याकाळी डोकं धरून बसतेस."

पंकजा हसली होती. सासू विषयातली होती. "आमच्याकडं पोरं आपली वाढतात, आई, कोंबड्यांच्या मागं. तुम्ही म्हणाल तसं करू," असं म्हणून ती उठली होती, आणि त्यानंतर तिनं पोरीला हाक मारणं हळूहळू कमी केलं. मनवाजवळ जायचं, समोर बसायचं, ती बघेल तेव्हा हसायचं. दमयंतीबाईंनी सुनेतला हा बदल बघितला होता. त्यांना तो आपल्या शिकवण्याचा विजय वाटला होता.

बोलत नाही, हे तर सगळ्यांनाच दिसत होतं. पंकजाची आई बनुबाई दर महिन्याला पाथर्डीहून यायची आणि येताना पिशवीत काहीतरी आणायचीच. एकदा तिनं रुमालात गुंडाळलेला, चोचीनं टोकरलेला पेरू काढला. "विहीनबाई, पोपटाचा उष्टा हाय. चारा तिला. पोपटावानी बोलंल."

"बनुताई, भाषा आधी आत साठते. मूल ऐकतं, ऐकतं, साठवतं, आणि मग एक दिवस ती एकदम फुटते."

"फुटंल तवा फुटंल. पन पेरू काय वाईट हाय का? गोड हाय, खाऊन बगा."

"आणि सुहासही उशिराच बोलला."

"मंग व्हय! बापावर गेली पोरगी. जावईबापू आजून तरी कुटं बोलत्यात?" आणि बनुबाई पदर तोंडाला लावून हसली होती, मनवानं तिच्या मांडीवर बसून पेरू खाल्ला होता, आणि दोन्ही आज्या, एक पोपटाच्या भरवशावर आणि एक रोमच्या, निवांत होत्या.

सगळ्यात वाईट आठवण शांततेच्या खेळाची होती. तिच्याकडं दमयंतीबाईंचं मन जाऊ बघत होतं आणि त्या ते वळवत होत्या, जसं दुखऱ्या दाताकडून जीभ वळवावी. बालमंदिरात आठवड्यातून एकदा हा खेळ व्हायचा. खिडक्या ओढून घ्यायच्या, मुलांनी डोळे मिटून स्वस्थ बसायचं, इतकं की घड्याळ ऐकू यावं. मग ताई शेजारच्या खोलीत जाऊन, नुसत्या श्वासावर, एकेका मुलाचं नाव घेणार, आणि ज्याचं नाव आलं त्यानं पाऊल न वाजवता उठून ताईंकडं यायचं. धसमुसळी पोरंही या खेळात अशी अलगद चालत यायची, की जणू डोक्यावर भरलेली कळशी आहे. गेल्या दिवाळीनंतर, मनवा अडीच-पावणेतीनची असताना, दमयंतीबाईंनी एका दुपारी तिला समोर बसवलं, स्वतः डोळे मिटून दाखवले, मग आतल्या खोलीत जाऊन तिचं नाव कुजबुजल्या. मनवा आली नाही. पुन्हा कुजबुजल्या. पडद्याआडून पाहिलं तर ती होती तशी बसलेली, पापण्या मिटलेल्या, ओठांवर काहीतरी किंचित, आणि भोवती अशी शांतता की दमयंतीबाईंचे डोळे भरून आले. नाव ऐकूनही उठावंसं वाटू नये, इतकी आत गेलीय पोर! रात्री जेवताना त्यांनी सुहासला आणि पंकजाला ते सांगितलं. एवढ्या वर्षांत अशी शांतता पाहिली नाही म्हणाल्या. पंकजानं ताटावरून हात उचलून पोरीच्या केसांवरून फिरवला होता. कोथिंबिरीचा वास हाताला लागलेला असताना दमयंतीबाईंना आता ते मिटलेल्या पापण्यांचं तोंड पुन्हा दिसलं, आणि त्या शांततेत ते लेकरू किती एकटं बसलं असेल, कुणी ऊठ म्हणण्याची वाट बघत बसलं असेल की काय, असा विचार येऊन त्या उठून उभ्याच राहिल्या.

घरात दोघीच होत्या. मनवा हॉलमध्ये फरशीवर बसून बुटाच्या नाडीत मणी ओवत होती. दमयंतीबाई तिच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी टाळी वाजवली. स्वतःच्याच घरात चोरी करावी तशी, आधी हळू. मग जोरात. मग स्वयंपाकघरातून ताट आणून पलीकडच्या भिंतीशी आपटलं. खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं. मनवानं एक निळा मणी ओवला, नाडी वर धरून पाहिली, आणि दुसरा निळा शोधायला लागली. पण माणूस असा सहजी हरत नाही. हरायच्या आधी तो आपल्या विद्येच्या पोतडीत एकदा हात घालून बघतोच. द्वारकाताईंनी सांगितलेली पॅरिसच्या डॉक्टरची हकिकत त्यांना आठवली. रानात सापडलेला एक मुलगा होता, नागडा, न बोलणारा. कानाशी पिस्तूल झाडलं तरी हलायचा नाही, म्हणून सगळे बहिरा म्हणाले. आणि एकदा त्याच्या पाठीमागे कुणीतरी अक्रोड फोडला तर हा गर्रकन वळला! कान होते, फक्त त्याला हवं तेच ते ऐकत होते. दमयंतीबाई जवळजवळ धावत स्वयंपाकघरात गेल्या. अक्रोड नव्हता. भुईमुगाच्या शेंगा होत्या, ज्या मनवाला जिवापाड आवडतात. ओंजळभर घेऊन त्या परत आल्या आणि पोरीच्या पाठीशी वाकून त्यांनी एक शेंग फोडली. टक्.

मनवानं मागे वळून पाहिलं.

त्या क्षणी दमयंतीबाईंनी काय काय फेडायचं कबूल केलं ते देवालाच ठाऊक, आणि त्या देव मानणाऱ्यातल्या नव्हेत. शेंगदाणा पोरीच्या हातावर ठेवला, तिच्या गालाचा मुका घेतला. उठताना त्यांची नजर फरशीवर गेली. गच्चीच्या दारातून उन्हं आत आली होती आणि त्यांची स्वतःची सावली लांबच लांब होऊन मनवाच्या मण्यांवर पडली होती. त्या हलल्या, सावली हलली, मनवानं पुन्हा वर पाहिलं. दमयंतीबाई उन्हाच्या पलीकडच्या बाजूला गेल्या, भिंतीला चिकटून बसल्या आणि तिथून शेंगा फोडत राहिल्या. एक, मग एक, मग आणखी एक. सगळ्या संपल्या. फोलपटांचा ढीग मांडीवर झाला. मनवा पाठमोरीच राहिली, तिच्या मानेवरची बारीक लव उन्हात दिसत होती, आणि ती इतकी सुंदर काम करत होती!

पंकजा बँकेतून आली. एक चप्पल पायात आणि एक हातात असताना दमयंतीबाई म्हणाल्या, "पंकजा, मनवाचे कान दाखवायला हवेत."

पंकजा तशीच उभी राहिली. "तुम्हाला पण वाटतं?"

त्या 'पण'वर दमयंतीबाईंची मान खाली गेली.

"मला मागंच वाटलं होतं," पंकजा म्हणाली. "मग म्हटलं, मलाच कळत नसंल. तुमचं एवढं वाचन." ती हे टोचून बोलत नव्हती. तिनं चप्पल जागेवर ठेवली, आत जाऊन हातपाय धुतले आणि पोरीसमोर जाऊन बसली. दमयंतीबाई तिच्या पाठीकडं बघत राहिल्या. तिनं भांडं आपटलं असतं, आदळआपट केली असती तर बरं झालं असतं. सासू-सुनेच्या भांडणालाही एक सोय असते, त्यात दोघींना जागा मिळते. इथे दमयंतीबाईंना उभं राहायला जागाच उरली नाही.

तपासणीसाठी मूल झोपलेलं लागतं, असं त्या कानाच्या दवाखान्यातल्या मुलीनं सांगितलं. चुणचुणीत, पंचविशीची मुलगी, टेबलावर वायरींचं जाळं. गुंगीचं औषध पाजूनही मनवा झोपेना. पंकजाच्या खांद्यावर ती टक्क डोळ्यांनी भिंतीवरचा कानाचा मोठा तक्ता बघत होती. "आई, तुमच्याकडं झोपते ती," पंकजा म्हणाली, आणि दमयंतीबाईंनी पोरीला मांडीवर घेतलं. सवयीनं ओठांवर अंगाई आली. शामकांतांना त्यांच्या आवाजाचा कोण अभिमान होता! पोर अंगाईच्या दुसऱ्या कडव्याला झोपते हेही घरात सगळ्यांना माहीत होतं. दुसरं कडवं आलं. मनवाचे डोळे मिटायला लागले. आणि तेव्हा दमयंतीबाईंनी गाणं थांबवून पाहिलं. नुसताच हात छातीवर थोपटत ठेवला. मनवा झोपली. तिला काहीच फरक पडला नाही. एवढ्या अंगाया गायल्या त्या कुणासाठी, असं मनात येऊन त्यांना विचित्र हसू आलं आणि समोर बसलेल्या सुहासनं चमकून पाहिलं.

डोक्याला, कानामागे वायरी चिकटवल्या. पडद्यावर रेघा उमटायला लागल्या. त्या तिघांना काही कळत नव्हतं आणि त्यांना बाहेर बसवलं तरी चाललं असतं, पण बसू दिलं. पडद्याकडं बघताना दमयंतीबाईंना त्यांचाच जुना तास आठवला. अंगणवाडीच्या बायकांना प्रशिक्षण देताना त्या खडू हातात घेऊन मोठ्या थाटात सांगायच्या, की ही आपली साधनं, हे ठोकळे, हे खरखरीत कागद, हे मुळात शहाण्यासुरत्या मुलांसाठी नव्हतेच. पॅरिसच्या बहिऱ्या-मुक्यांच्या संस्थेतल्या डॉक्टरनं सुरुवात केली, त्याच्या शिष्यानं मंद म्हटलेल्या मुलांसाठी ते वाढवलं, आणि तिथून ते त्या डॉक्टरीणबाईंच्या हाती आलं. राजूरकडच्या डोंगरातून आलेल्या, पाथर्डीकडून आलेल्या बायका हे वहीत लिहून घ्यायच्या. ज्यांना ऐकू येत नाही अशा मुलांनी ही विद्या जगाला दिली, असं शेवटचं वाक्य असायचं. त्यावर कधी कधी टाळ्या पडायच्या. चांगलं वाक्य होतं. खरंही होतं. आणि तसं मूल मांडीवर येऊन बसलं, तर आपण त्याला एकाग्रतेचं बक्षीस दिलं.

"दोन्ही कानांना दोष बराच आहे," ती मुलगी म्हणाली. तिचा आवाज मऊ होता, पण शब्द नेहमीच्या वापरातले होते. "कानाचे साचे घेऊ, मशीन लावून बघू काही महिने. त्यानं भागलं नाही तर ऑपरेशनचा विचार. सव्वातीन वर्षांची ना? हं. थोडं आधी कळलं असतं तर बरं झालं असतं. पहिली तीन वर्षं भाषेसाठी फार—"

"माहीत आहे," दमयंतीबाई म्हणाल्या.

मुलीनं वर पाहिलं. सुहासनं पाहिलं. पंकजानं पाहिलं नाही.

माहीत होतं. त्या काळाला त्यांच्या विद्येत एक नावही होतं, आणि ते नाव त्या फळ्यावर रंगीत खडूनं लिहायच्या. कळी उमलायची वेळ एकदा गेली की पुन्हा तशी येत नाही, असं त्या बायकांना सांगायच्या. तुमच्या हातून ती वेळ दवडू नका, असं बजावायच्या. हे सगळं माहीत असलेली सगळ्या नगरात कदाचित एकच बाई होती, आणि ती त्या पोरीपाशी रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसून होती.

"बोलेल ना?" सुहासनं विचारलं.

"आत्ता काही सांगता येत नाही. मशीन येईपर्यंत एक करा. खूप बोला तिच्याशी. समोर बसून, तोंड दिसेल असं. प्रत्येक वस्तूचं नाव. पुन्हा पुन्हा. ती बघत नसेल तर हलवा, वळवा, पण बघायला लावा. घरात शांतता नको, बघा. कोण असतं दिवसभर?"

"आई असतात," पंकजा म्हणाली.

रिक्षात सुहास मोबाईलवर काहीबाही वाचत होता आणि मधेच "आई, तू मनाला लावून घेऊ नकोस" म्हणत होता. बनुबाईचा फोन आला तो पंकजानं स्पीकरवर टाकला. "मोहट्याच्या देवीला नवस बोलले मी," पलीकडून आवाज आला, "आन विहीनबाईस्नी सांग, रडू नगा. पेरूनं न्हाई झालं, यानं हुईल. माजं बी चुकलंच, मी पन गप ऱ्हायले का न्हाई?" बनुबाईनं आपली चूक अशी पाट सरकवावा तशी सरकवून दमयंतीबाईंना शेजारी बसायला जागा केली होती, आणि त्यांना तिथेही बसता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पंकजा कामाला निघाली. दारात थांबून तिनं एवढंच म्हटलं, "आई, त्या मॅडम म्हणाल्या तसं." मग जिना उतरून गेली. तिनं पोर पुन्हा त्यांच्याच स्वाधीन केली होती. विश्वासानं म्हणावं, की दुसरं कुणी नाही म्हणून, हे दमयंतीबाईंना विचारायचं नव्हतं.

मनवा गच्चीत होती. कपडे वाळत घालून झाल्यावर उरलेल्या चिमट्यांची टोपली तिला सापडली होती आणि ती रिकाम्या बादलीच्या काठाला एकेक चिमटा लावत होती. दोन बोटांनी दाबायचा, तोंड उघडायचं, काठावर बसवायचा, सोडायचा. बोटांत अजून जोर नव्हता. दर वेळी खालचा ओठ दातांत धरावा लागत होता. लाल, मग पिवळा, मग लाल. एक निसटला, तिनं न चिडता पुन्हा उचलला. दमयंतीबाईंचे पाय उंबऱ्यात थबकले. अंगात भिनलेलं सगळं त्यांना मागे ओढत होतं. मूल बुडालेलं आहे, नाहीसं व्हा. असं काम करणारं मूल मोडणं म्हणजे काय, हे जेवढं त्यांना कळत होतं तेवढं त्या वायरीवाल्या मुलीला कळणार नव्हतं. पूजेला बसलेल्याचा हात धरावा तसं ते. दुसरं एक मन म्हणत होतं, की बाई, ही पूजाच होती कशावरून? ज्या घरात कुणाचा आवाज येत नाही त्या घरात माणूस दुसरं काय करणार? आणि या दोन्हींतलं खरं कोणतं हे आता कोण सांगणार, द्वारकाताई जाऊनही किती वर्षं झाली!

त्या मनवासमोर जाऊन मांडी घालून बसल्या. गुडघ्यांनी आवाज केला. "मनवा," त्या म्हणाल्या. मनवा पिवळा चिमटा शोधत होती. काय बोलायचं? चाळीस वर्षं मोजून मापून, कमीत कमी शब्दांत काम करायची सवय. बनुबाई असती तर एव्हाना चिमट्यांची सोयरीक जुळवून झाली असती. दमयंतीबाईंनी हात पुढे केला आणि पोरीच्या बोटांत आलेला पिवळा चिमटा काढून घेतला.

मनवानं वर पाहिलं. रागानं नाही, आधी नवलानं. आजीनं असं कधीच केलं नव्हतं. जगातला हा एकच माणूस असा होता की ज्यानं तिच्या हातातलं कधी काढून घेतलं नव्हतं.

"चिमटा," दमयंतीबाई म्हणाल्या. चिमटा ओठांच्या बाजूला धरून, तोंड मोठं करून, "चिम-टा. हा बघ. चिमटा."

मनवानं हात पसरला. त्यांनी चिमटा आणखी तोंडाजवळ नेला. मनवानं बादलीच्या काठावरच्या रिकाम्या जागेकडं पाहिलं, मग चिमट्याकडं, मग पुन्हा रिकाम्या जागेकडं. ओठांकडं पाहिलंच नाही. तिचा चेहरा आक्रसला, तिनं आजीच्या मनगटावर जोरात चापट मारली, आणि ती रडायला लागली. खूप मोठ्यानं. इतक्या मोठ्यानं की खालच्या गल्लीतून जाणारा भाजीवाला गाडी थांबवून वर बघायला लागला. फक्त तिलाच ते किती मोठं आहे हे कळत नव्हतं.

"चिमटा, बाळा. चिमटा. पिवळा चिमटा." त्यांनी दुसऱ्या हातानं तिची हनुवटी धरून तोंड आपल्याकडं वळवलं. कुठल्याही मुलाच्या हनुवटीला त्यांनी असा हात लावला नव्हता. "माझ्याकडं बघ. राणी माझी. इकडं बघ ना गं."

तेव्हा मनवानं डोळे मिटून घेतले. घट्ट, नाकाला सुरकुत्या पडतील इतके घट्ट. आता तिच्याकडं जायला एकही वाट राहिली नाही. दमयंतीबाई त्या मिटलेल्या पापण्यांसमोर, हातात चिमटा तसाच धरून, ऊन चढेपर्यंत म्हणत राहिल्या, "चिमटा. चिमटा. चिमटा."